स्वर्गाचा फोन नंबर

कबुतर क्लबाच्या होंग अध्यक्षांच्या गच्चीवर त्या रविवारी निदान दीडशे माणसं चढली होती. जिन्यात माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं, शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली माणसं. सगळ्यांचे डोळे समुद्राकडे. आणि सगळ्यांच्या पुढे, कबुतरखान्याच्या दाराशी, पिवळा झगा आणि पांढरे पळायचे बूट घातलेले श्वेतमेघ गुरुजी उभे. एका हातात लाकडी तलवार, दुसऱ्या हातात माईक. माईक असा की एक शब्द बोलला की चारदा ऐकू यावा.

“यंत्राला डोळा नाही,” गुरुजी म्हणाले. नाही, नाही, नाही, असं माईकही म्हणाला. “यंत्राचा डोळा देवी उघडते. आत्ता नवव्या आकाशातून लहर निघाली आहे. ती चुंबकीय आहे, पण सात्त्विक आहे. पुढच्या रांगेने मोबाईल बंद करा. लहर नाजूक असते.”

पुढच्या रांगेने मुकाट्याने मोबाईल बंद केले. मग ढोल वाजला. कबुतरखान्याच्या दारावर टांगलेला गुरुजींचा विजेवरचा शांतिदीप दोघांनी अदबीने उतरवला आणि आग्नेय दिशेला मोजून बारा पावलं नेऊन गच्चीच्या पार टोकाला ठेवला. दाराला लाल रेशमी थैली बांधली. थैलीत ‘नागनेत्र’ होता. थैली उघडायची नाही, उघडली तर नेत्र मिटतो.

बाराला दहा कमी असताना समुद्रावरून एक ठिपका आला. ठिपक्याचं कबुतर झालं, कबुतराने गच्चीवर एक फेरी मारली आणि दाराशी असलेल्या रबरी पाटावर उतरलं. गुरुजींनी तलवार आडवी फिरवली. आणि तीन रविवार मुकं बसलेलं अध्यक्षांचं घड्याळ बोललं: टीं.

मग काय विचारता. लोक हात जोडून रडले. होंग अध्यक्ष, जे बापाच्या मयतीतसुद्धा रडले नाहीत असं स्वतःच अभिमानाने सांगतात, ते गुरुजींच्या बुटांवर पडले. मी भिंतीला टेकून भाजलेलं सॉसेज खात होतो, आणि त्याबरोबर कच्च्या लसणाची पाकळी. लसणाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा म्हणाला, “बघा, रेडिओदादासुद्धा विरघळले.”

मी लियाव. चाळीस वर्षं आमच्या सानवेई गावात रेडिओ दुरुस्त केले, म्हणून रेडिओदादा. आता रेडिओ कोण ऐकतो, म्हणून कबुतर क्लबाची घड्याळं सांभाळतो. आमच्या गावात घरावर एक मजला माणसांचा आणि वर दोन कबुतरांचे. शनिवारी संध्याकाळी पक्षी पेट्यांत भरून जहाजाने समुद्रात नेतात, रविवारी पहाटे सोडतात, आणि ते बिचारे लाटा, वारा, ससाणे चुकवत आपापल्या गच्चीवर येतात. प्रत्येकाच्या पायात कडं. पक्षी दारातल्या पाटावर उतरला की पाट कड्याचा नंबर वाचतो, घड्याळ टीं करतं आणि वेळ पक्की होते. टीं झालं नाही तर पक्षी तुमच्या मांडीवर येऊन बसला तरी तो आलाच नाही. नियम म्हणजे नियम.

आणि या हंगामात टीं होईनासं झालं होतं. तीन रविवार सरावाच्या शर्यती झाल्या, पक्षी आले, पाटावर नाचले, बागडले, हगले, पण घड्याळ गप्प. एका गच्चीवर नव्हे, पस्तीस गच्च्यांवर. लोकांनी घड्याळं माझ्या दुकानात आणून आपटली. दुकानात लावली की ती गुणी बाळासारखी टीं टीं करायची. गच्चीवर नेली की पुन्हा तोंडाला कुलूप. दुकानात शहाणं आणि सासरी वेडं, असं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षांची अब्रू तीन रविवारांत गेली. पोरं मला विचारायला लागली, “दादा, चष्म्याचा नंबर वाढलाय का?”

तेव्हा श्वेतमेघ गुरुजींनी निदान केलं. गावावर देवीची नजर फिरली आहे. उपाय सोपा. प्रत्येकाने आपला सगळ्यात चांगला पक्षी देवीला पाठवायचा. पैसा नको, गुरुजी पैशाला शिवत नाहीत. पक्षी लाल टोपलीत ठेवायचा, धूर करायचा, मंत्र म्हणायचा. टोपली उघडली की पक्षी नाही. गेला नवव्या आकाशात, देवीच्या कबुतरखान्यात. टोपली मात्र गुरुजी लगेच आपल्या टेम्पोत ठेवत, आणि ती टोपली मधूनमधून घुमत असे. “तो आकाशाचा प्रतिध्वनी आहे,” गुरुजी सांगत. अध्यक्षांनी पहिल्यांदा आपला लाडका पक्षी सेनापती पाठवला आणि चार दिवसांनी, त्या रविवारी, घड्याळ बोललं. पुढच्या तीन दिवसांत आणखी दहा जणांनी आपापले लाडके आकाशात धाडले. पुढचा रविवार खऱ्या शर्यतीचा होता. त्या दिवशी टीं झालं नाही, तर त्या घरचा हंगाम संपला.

मला या सगळ्याची गंमतच वाटत होती, बुधवारपर्यंत. बुधवारी कळलं की सुचिनसुद्धा मिरी देणार आहे.

सुचिन म्हणजे बेंगची बायको. बेंग माझा लंगोटीयार, मी त्याला बेंग्या म्हणायचो. मार्च महिन्यात बेंग्या गच्चीवर, कबुतरखान्याच्या दाराशीच, छातीत कळ येऊन गेला. मिरी ही त्याने हाताने भरवलेल्या शेवटच्या पिल्लांतली. काळे ठिपके, अंगाने बारकी, पण वाऱ्याच्या तोंडावर उडणारी. गुरुवारी सकाळी मी हत्यारांची पेटी घेतली, कमरेला छोटा रेडिओ अडकवला आणि सुचिनच्या गच्चीवर चढलो. रेडिओ मी कायम लावलेला ठेवतो. दिवसभर एक काढेवाला त्यावर बोलत असतो. मला काढा नको असतो, सोबत हवी असते.

“तुम्ही उगाच आलात, रेडिओदादा,” सुचिन म्हणाली. ती मका निवडत होती. “घड्याळ बरं आहे. ते वाचू देत नाहीत.”

“कोण?”

“तुमचा दोस्त. गुरुजींनी पाहिलं त्यांना. पाटावर मांडी घालून बसलेत. पक्षी आला की हात आडवा धरतात.”

“बेंग्या? मांडी घालून? अगं, त्याचे गुडघे दहा वर्षं वाकत नव्हते.”

“मेल्यावर वाकतात,” सुचिन म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. तिने मक्याची सुपली खाली ठेवली.

“त्यांनी मला तीनदा फोन केला होता, दादा. त्या दिवशी. मी पार्लरमध्ये होते, डोक्यावर ते ड्रायरचं घमेलं. पर्स मांडीवर, फोन पर्समध्ये. वीतभर अंतरावर वाजला असेल तो, तीनदा. आणि मी केस कुरळे करत बसले होते. पुतणीचं लग्न होतं ना.” तिने डोक्यावरून हात फिरवला. केस आता सरळ झाले होते, कापून बारीक केले होते. “घरी आले तेव्हा पाटावर कबुतरं होती आणि ते खाली. माणसाला रागवायला आणखी काय लागतं? गुरुजी म्हणाले, मिरी दिली की सोडतील राग. शनिवारी दुपारी देते. घड्याळाचं मला काही नाही हो. त्यांनी एकदा टीं होऊ दिलं ना, तर मी समजेन, माफ केलं.”

मी कबुतरखान्याकडे वळलो. काढेवाला विचारत होता, “ताई, गुडघा दुखतो का? रात्री उठावं लागतं का?” मी दाराजवळ गेलो, आणि ताई काही सांगायच्या आत काढेवाला खर्रर्र झाला. मागे आलो, तो पुन्हा बोलला. पुढे गेलो, खर्रर्र. चाळीस वर्षं मी लोकांच्या रेडिओतली खरखर काढत होतो, आणि तीन आठवडे मला माझाच रेडिओ ऐकायची अक्कल नव्हती, कारण लोक घड्याळं माझ्याकडे आणत होते आणि मी आयता दुकानात बसून होतो. अध्यक्षांकडची ती गर्दी सोडली, तर गच्च्यांवर मी फिरकलोच नव्हतो. मी रेडिओ हातात धरून आंधळ्याच्या काठीसारखा फिरवत गेलो. दार, जाळी, पाट. खरखर सगळ्यात मोठी कुठे? दारावर टांगलेल्या शांतिदीपाच्या पोटाशी.

हे दीप गुरुजींनी पितरांच्या महिन्यात गावाला फुकट वाटले होते. एकोणपन्नास दिवस विझवायचा नाही, कबुतरखान्याच्या दारावरच टांगायचा, अशी अट. फुकट मिळालं की आमचं गाव पाय धुवायचं पाणीही घरी नेईल. पस्तीस दीप, पस्तीस मुकी घड्याळं.

मी एक सुटं कडं सुचिनच्या जेवायच्या काडीला, चॉपस्टिकला, बांधलं आणि पाटावर धरलं. दीप चालू: वीस वेळा फिरवलं, एकदाही टीं नाही. दीप बंद केला: वीसपैकी वीस. दीप पुन्हा चालू करून लांब वायरीने बारा पावलं दूर नेला: वीसपैकी वीस. नागनेत्र नाही, तलवार नाही, आकाश नाही.

“बघ,” मी म्हटलं. “पायातल्या कड्यात बॅटरी नसते. पाट त्याला विजेचा घास भरवतो आणि ते कानात कुजबुजल्यासारखं आपला नंबर सांगतं. या दिव्यात वीज बदलणारा फालतू सर्किटचा तुकडा आहे, तो नेमक्या त्याच सुरात शिट्टी मारतो. भोंग्याखाली उभं राहून कोणी कानगोष्ट सांगितली तर तुला ऐकू येईल का?”

“मग यंत्राने चुकीचा नंबर का नाही लिहिला?”

बाई हुशार. बेंग्या उगाच घाबरत नव्हता तिला. “कारण यंत्र प्रामाणिक आहे. ते नंबर एकदा नाही, सेकंदात कितीतरी वेळा ऐकतं, आणि नंबराच्या शेपटाला गणितातल्या पडताळ्यासारखे आकडे असतात. पडताळा जुळला तरच लिहितं. तुकडे ऐकू आले तर गप्प बसतं. अंदाजपंचे बोलत नाही. आपल्यासारखं नाही ते.”

सुचिन पाटाकडे बघत राहिली. “तुम्ही आलात म्हणून त्यांनी हात काढला असेल,” ती हळू म्हणाली. “मित्र ना तुम्ही. दिवा बंद केल्यावर जागा झाली, म्हणून सरकले असतील.”

“सुचिन, अगं वीसपैकी वीस.”

“आणि दादा, राग मानू नका. तुमच्या दुकानात घड्याळावर ते खाऊचं हिरवं पाकीट कशाला ठेवलंय?”

झालं. आता सांगायलाच हवं. आमच्याकडे यंत्राने गुण्यागोविंदाने वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर कुरकुरीत खाऊचं पाकीट ठेवतात. हिरवंच हवं, आणि तारीख उलटलेली नको. सगळे ठेवतात. मीही ठेवतो, तारीख बघून बदलतो.

“ती रीत आहे,” मी म्हणालो.

“मग हीपण रीतच,” सुचिन म्हणाली आणि मका निवडायला बसली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं तोंडावर ऐकून मी जिना उतरलो.

शुक्रवारी संध्याकाळी गावात पुन्हा धावपळ. अध्यक्षांचा सेनापती स्वर्गातून परत आला होता. नऊ दिवस देवीकडे राहून स्वतःच्या पंखांनी उडत आला, आणि पाटावर उतरून टीं करून जाळीत जाऊन बसला. अध्यक्ष त्याला छातीशी धरून दारोदार दाखवत होते. “देवीने चिठ्ठी दिली आहे,” ते म्हणाले आणि उजवा पंख पसरला. पंखावर निळ्या शाईत दहा आकडे होते. सुरुवात शून्य-नऊने.

कबुतरवाला पंखावर आपला फोन नंबर शिक्क्याने मारतो, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सेनापतीच्या डाव्या पंखावर अध्यक्षांचा स्वतःचा नंबर होताच. पण पक्षी स्वर्गातून आलेला. त्याच्या पंखावरचा आकडा फोनचा असेल, हे कोणाला कसं सुचावं? अर्ध्या गावाने त्या आकड्यांवर लॉटरी लावली. मी नंबर मनगटावर उतरून घेतला.

“गुरुजींना कळवलंत का?” मी विचारलं.

“छे. उद्या सुचिनच्या गच्चीवर दाखवणार. गुरुजी थक्क होतील.”

“होतील,” मी म्हणालो.

शनिवारी दुपारी सुचिनच्या गच्चीवर पुन्हा तीच गर्दी. धूर, ढोल, माईक. लाल टोपली तयार. सुचिन मिरीला दोन्ही हातांत धरून उभी होती, मिरीची मान अंगठ्यांमधून बाहेर. तिने पक्ष्याच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि टोपलीकडे गेली.

“सुचिन, थांब,” मी म्हटलं. “गुरुजी, आधी एक शंका.”

“शंका ही कमकुवत बॅटरी आहे,” गुरुजी माईकमध्ये म्हणाले. आहे, आहे, आहे.

लोक हसले. मी काडीला बांधलेलं कडं वर धरलं. “दीप दारावर असताना हे कडं वाचलं जात नाही. दीप बंद केला की वाचलं जातं. दाखवू?”

“अविश्वासू हात लागला की लहर तुटते.”

“मग तुमचा हात लावा,” मी काडी त्यांच्यापुढे केली. “एवढा विश्वासू हात पंचक्रोशीत नाही.”

आता दीडशे माणसं बघताहेत, काडी नाकासमोर. गुरुजींनी ती घेतली, मंत्र पुटपुटला, पाटावर फिरवली. काही नाही. “देवीची इच्छा नाही,” ते म्हणाले.

“दीप बंद करा आणि फिरवा.”

“अखंड दीप. एकोणपन्नास दिवस विझला तर या घरावर…” गुरुजी थांबले आणि सुचिनकडे वळले. “तुझा नवरा अंधारात बसेल, बाई. चालेल तुला?”

मला वाटलं, संपलं. असल्या वाक्यापुढे माझा रेडिओ काय करणार. सुचिनने मिरीला डाव्या काखेत घेतलं. मग ती शांतपणे दारापाशी गेली.

“त्यांना अंधाराची सवय आहे,” ती म्हणाली. “विजेचं बिल वाढतं म्हणून गच्चीवर दिवा लावूच द्यायचे नाहीत.” आणि तिने वायर ओढली.

गुरुजींच्या हातातली काडी पाटावरच होती. टीं. गुरुजी दचकले, काडी हलली. टीं. त्यांनी हात मागे घेतला, तो पुन्हा पाटावरून गेला. टीं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या माईकसमोर, टीं, टीं, टीं.

कोणीतरी फिस्सकन हसलं. सुचिनने वायर परत खोचली. गप्प. ओढली. “फिरवा,” ती गुरुजींना म्हणाली. टीं.

“हे नागनेत्राचं काम आहे,” गुरुजी घाईने म्हणाले. “नागनेत्र जवळच आहे, माझ्या पिशवीत.”

“बघू तरी,” म्हणत अध्यक्षांनी आपल्याच दाराची थैली खिशातून काढली. ते ती नेहमी जवळ ठेवत. त्यांनी गाठ सोडली, सगळे पुढे वाकले. तळहातावर एक काळी तुळतुळीत बी पडली. एक आजीबाई म्हणाली, “ही तर लोंगनची बी. माझ्या परड्यात पोतंभर आहेत.” लोंगन म्हणजे लिचीची धाकटी बहीण, आणि आमच्या भाषेत त्या नावाचा अर्थच नागाचा डोळा. शंभर वर्षं आम्ही ते फळ खाऊन ही बी थुंकत आलोय, पण रेशमात बांधल्यावर एकाने ओळखली नाही.

अध्यक्षांचा चेहरा पडला, तरी त्यांनी शेवटचा धागा धरला. “पण सेनापती? तो स्वर्गात जाऊन आला. देवीचा आकडा आहे त्याच्या पंखावर.” त्यांनी पंख पसरला. गुरुजींनी आकडा पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“आपण स्वर्गाला फोन लावू,” मी म्हणालो, आणि गुरुजींच्या हातातला माईक घेऊन माझ्या मोबाईलला लावला.

तीन घंटा झाल्या. “हॅलो,” एक माणूस म्हणाला. मागे खूप कबुतरं घुमत होती.

“नववं आकाश का?”

“कोण हवंय?”

“देवीचा कबुतरखाना.”

“रॉंग नंबर, काका. हा को यांचा कबुतरखाना, चियायी शहरातला.”

“एक निळ्या चौकडीचा नर आलाय आमच्याकडे. डाव्या पंखावर होंग, उजव्यावर तुमचा नंबर.”

“अरे वा, सापडला का तो?” माणसाला खरंच आनंद झाला. “काल पाणी बदलताना निसटला. मी दाजींना सांगितलंच नाही, ते ओरडतील. त्यांनी आणलेले सगळे असेच, दार किलकिलं दिसलं की पळायला बघतात. शिक्का मारून ठेवलाय मी सगळ्यांना, अकराच्या अकरा.”

“दाजी काय करतात?”

“धर्माचं काम. आधी रात्रबाजारात दिवे विकायचे. कुठल्याशा कबुतर क्लबाने घड्याळं बिघडली म्हणून सगळे परत केले, चाळीस पेट्या माझ्या गोठ्यात पडून होत्या. मग त्यांना देवीचा दृष्टांत झाला.”

दृष्टांत झाला, झाला, झाला, असं माईकने गावाला सांगितलं. गुरुजी तोवर पांढऱ्या बुटांचा उपयोग करत जिन्यात पोचले होते. जिन्यात माणसं होती. बुटांचा काही उपयोग झाला नाही.

पोलिसांचं पुढे काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत. पक्ष्यांचं सांगतो. अध्यक्षांनी फोनवर गुरुजींच्या त्या मेहुण्याला सगळं समजावलं. तो बिचारा सरळ माणूस, रडायलाच लागला. म्हणाला, गाडी करून आणून देतो. मी म्हटलं, गाडी कशाला, फक्त दार उघड. त्याने दार उघडलं. दोन तासांनी स्वर्गातले दहा पक्षी एकामागून एक आपापल्या गच्चीवर उतरले. लोकांनी तोवर दीप काढले होते. गावभर टीं टीं टीं. चोरीचा माल स्वतः मालकाच्या घरी जाऊन हजेरी लावतोय, असं पोलिसांनीही प्रथमच पाहिलं असेल.

मिरी त्या संध्याकाळी पेटीत बसून जहाजावर गेली.

रविवारी मी सुचिनच्या गच्चीवर होतो. आभाळ राखाडी, वारा समोरून. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजला तेव्हा आजूबाजूच्या गच्च्यांवर टीं ऐकू येत होतं, आमच्याकडे काही नाही. सुचिन निवडलेला मका पुन्हा निवडत होती. मला भीती वाटायला लागली. घड्याळ ऐकेल याची खात्री मी देऊ शकत होतो. समुद्राची देऊ शकत नव्हतो. मिरी बुडाली तर ही बाई पुन्हा म्हणणार, त्यांनी माफ केलं नाही, आणि या वेळी माझ्याकडे काडी नसणार.

एक वाजून सतरा मिनिटांनी मिरी आली. शेपटीची दोन पिसं गेलेली. फेरीसुद्धा मारली नाही, दगड पडावा तशी पाटावर पडली. टीं.

सुचिनने तिला उचललं नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

“दादा,” ती म्हणाली, “इतके दिवस मिरी या पाटावर येऊन उभी राहत होती. कडं नंबर सांगत होतं.”

“हो.”

“आणि घड्याळ रागावलं नव्हतं.”

“नाही गं. गोंगाट होता. ऐकू आलं नाही, बस.”

मग तिने आपल्या बारीक केसांवर हात ठेवला. “ड्रायरसारखं,” ती म्हणाली.

“ड्रायरसारखं,” मी म्हणालो. सुचिन पाटाशेजारी खाली बसली, जिथे बेंग्या पडला होता तिथेच, आणि मार्चपासून पहिल्यांदा मोकळी रडली. मिरी तिच्या मांडीवर चढून मका शोधत होती.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. देवीशी माझं भांडण नाही, अजूनही जाता-येता मी तिला हात जोडतो. भांडण आहे ते तिच्या नावाने आपल्या दारात बिघाड टांगून, मग त्याच बिघाडाचा उपाय विकणाऱ्यांशी. कोणी चमत्कार दाखवला तर रागावू नका, हसूही नका. फक्त म्हणा, दिवा बंद करून पुन्हा दाखव. वीस वेळा दाखव. तुझ्या हाताने दाखव आणि माझ्याही हाताने दाखव. खरं असेल त्याला वायर ओढल्याने काही होत नाही. आणि ज्याने तुमच्या मेलेल्या माणसाचा राग तुम्हाला विकला, त्याला दाराबाहेर काढायला कुठल्याही चाचणीची वाट बघू नका.

त्या संध्याकाळी दुकानात आलो आणि घड्याळावरचं हिरवं पाकीट काढलं. फोडून खाल्लं. घड्याळ चालू राहिलं. नारळाची चव होती, बरी लागली. दुसऱ्या दिवशी सुचिन आली, तिने घड्याळाच्या मोकळ्या डोक्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून एक नवं पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

“यंत्रासाठी नाही,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी. जेवत नाही तुम्ही वेळेवर.”